जुना लॅपटॉप, नवी डिस्क: साटा घ्यावी की एनव्हीएमई?

ठाण्याच्या नौपाड्यातली माझी आत्या लॅपटॉपचं बटण दाबते आणि चहा टाकायला जाते. चहा उकळून, गाळून, पिऊन होतो, तेव्हा कुठे डब्यांच्या हिशोबाची एक्सेल शीट उघडते. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने तिला सरळ सांगितलं, "मावशी, हा भंगारात काढा, नवीन घ्या." मी टास्क मॅनेजर उघडून बघितला. प्रोसेसर निवांत बसलेला आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. दुखणं कुठे आहे ते तिथेच कळलं.

आतली हार्ड डिस्क ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या मारणारी. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायलाच सरासरी साडेपाच मिलिसेकंद लागतात, वर हेड सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली मागते आणि प्रत्येकीसाठी हीच कसरत. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, त्यामुळे फाईल मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात हाती येते. 'फक्त रॅम वाढवा' हा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. ४ जीबी असेल तर ८ जरूर करा, पण डिस्क तीच ठेवलीत तर चहा प्यायला वेळ मिळतच राहील.

आता साटा की एनव्हीएमई? दोन्ही एसएसडीच, फरक जोडणीचा: साटा हार्ड डिस्कच्याच जुन्या वाटेने जोडली जाते, एनव्हीएमई त्याहून वेगवान वाटेने. कागदावर सामना एकतर्फी आहे. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास अडते, तर जेन ३ ची (तिसऱ्या पिढीच्या जोडणीची) चांगली एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते. पण हे आकडे मोठी फाईल सलग वाचतानाचे. एक्सेल, क्रोम, टॅली, झूम यांत साटा आणि एनव्हीएमईमधला फरक मला तरी जाणवत नाही. फोरके व्हिडिओ कापणाऱ्याला जाणवेल. पेन ड्राइव्हवरून कॉपी करणाऱ्याला मुळीच नाही, कारण तिथे पेन ड्राइव्हच रडतो.

बऱ्याचदा ही निवड तुमच्या हातात नसतेच, ती मदरबोर्डच्या हातात असते. मॉडेल नंबर टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. एम.टू स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच, नसेल तर अडीच इंची साटा हाच मार्ग. स्लॉट असला तरी हुरळून जाऊ नका, काही लॅपटॉपमध्ये तो फक्त साटाच ओळखतो आणि एनव्हीएमई त्यात बसूनही दिसत नाही. लांबीही मोजा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. स्लॉट एनव्हीएमईचा असेल आणि भावात थोडाच फरक असेल, तर एनव्हीएमईच घ्या. विंडोज त्यावर टाका आणि जुनी डिस्क फोटोंसाठी आत राहू द्या.

आत्याच्या लॅपटॉपला स्लॉट नव्हता. साटा आणली. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची, नवी सातची, त्यामुळे ती खाचेत डुगडुगायला लागली. अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट बऱ्याचदा सोबत येते, आमच्या खोक्यात नव्हती. शेवटी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून बसवल्या. मी ती डिस्क ठाण्यातच घेतली. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात भाव पाडून मिळतो, पण बदलून घ्यायची वेळ आली तर दादरला गाडी बदलून पुन्हा ग्रँट रोड गाठा. एका डिस्कसाठी हा व्याप कोण करणार!

दुकानदाराचं बोलणं अगदीच पोकळ नव्हतं, हेही खरं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीचे बहुतेक सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा मशीनमध्ये १ टीबी घालू नका, २५६ किंवा ५०० जीबी पुरे. बिजागरी तुटलेली, बॅटरी फुगलेली असेल तर तेवढंही नको. आठव्या पिढीपासून पुढचा असेल तर मात्र बिनधास्त खर्च करा.

क्लोन करण्याआधी, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवण्याआधी, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा आणि ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हार्ड डिस्क बहुधा कुरकुर करून मरते, एसएसडी न सांगता जाऊ शकते. म्हणून जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला ठेवा. निदान पहिला महिनाभर तरी ती फॉरमॅट करू नका. आत्याची मी चौथ्या दिवशी करायला निघालो होतो, तेवढ्यात तिला गेल्या दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींची यादी आठवली. ती होती डी ड्राइव्हवर, आणि मी क्लोन केला होता फक्त सी.