बेस ॲम्पची घरघर: व्हॉल्व्ह बदलायचे, कपॅसिटर, की आधी अर्थिंग?

व्हॉल्व्हवर (काचेच्या जुन्या पद्धतीच्या नळ्यांवर) चालणारा बेस गिटारचा ॲम्प घरघरायला लागला की आपल्याकडे तीन सल्ले हमखास मिळतात. सोबतचे वाजवणारे सांगतात, व्हॉल्व्ह बदल. रेडिओ-टीव्हीवर हात बसलेला मेकॅनिक सांगतो, कपॅसिटर सुकलेत, म्हणजे वीज साठवून तिची लाट सपाट करणारे भाग थकलेत. मंडपातला साउंडवाला काही सांगत बसत नाही, तो प्लगची मोठी, म्हणजे अर्थची, पिन मोडतो आणि म्हणतो, "गेलं की ओ हमिंग!"

माझं मत आधीच सांगून टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आधी अर्थिंग बघावं, मग कपॅसिटर, आणि व्हॉल्व्ह शेवटी. व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसतात, चमकतात, हाताने उपटता येतात, म्हणून सगळा आळ त्यांच्यावर येतो. याला एक ठळक अपवाद आहे, तो व्हॉल्व्हच्या भागात येईल.

आधी घरघरीचा सूर ओळखा

या कामात बेस वाजवणाऱ्याला एक सोय आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसची मोकळी जी तार वाजते ९८ हर्ट्झवर, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झवर. ट्यूनरवर तारा नीट लावून घ्या, ॲम्प घरघरत असतानाच मोकळी जी हलकेच छेडा. घरघर तिच्याशी जवळजवळ जुळली आणि सेकंदाला दोनेक हेलकावे (आवाज चढण्या-उतरण्याचे) आले, तर ती १०० हर्ट्झची. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) विजेच्या एका आवर्तनात दोनदा कपॅसिटर भरतो. ते थकले की उरलेली लाट १०० हर्ट्झने स्पीकरपर्यंत पोचते. खालच्या जीशी जुळली आणि हेलकावा सेकंदाला एखादाच असला, तर ती ५० हर्ट्झची. मग संशय अर्थ लूपवर (दोन यंत्रांच्या अर्थमधून तयार झालेल्या फेऱ्यावर), व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरिंगवर, शेजारच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरवर किंवा बेसच्या पिकअपवर (तारेची थरथर पकडणाऱ्या कॉइलवर). सप्तकाच्या बाबतीत कान फसतो, आणि अर्थ लूपच्या आवाजात वरचे स्वरही मिसळलेले असतात. तेव्हा मोबाईलवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप लावून खात्री करून घ्या.

दुसरी चाचणी नॉबची. व्हॉल्यूम पूर्ण खाली केल्यावरही हम (ही घरघर) तसाच राहिला तर दोष पॉवर ॲम्पमध्ये (स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या भागात) किंवा पॉवर सप्लायमध्ये. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाला तर प्रीॲम्प (आवाज सुरुवातीला वाढवणारा भाग) किंवा त्याच्याही आधीचं काही. केबल इनपुटमधून काढली की बहुतेक ॲम्पचा जॅक इनपुट आपोआप अर्थला जोडतो. तेवढ्याने शांत झालं तर ॲम्प निर्दोष, बेस आणि केबल बघा. स्टँडबायवर टाकल्यावरही डब्यातून गुणगुण येत असेल तर ती ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची आहे, स्पीकरची नाही. आणि हे सगळं करताना स्पीकरची वायर मात्र काढायची नाही. लोड, म्हणजे स्पीकर, नसताना वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि या सगळ्यात महाग तोच.

अर्थिंग

इथे खर्च जवळपास नाही, कटकट मात्र भरपूर. गणपतीच्या मंडपात जनरेटरला अर्थचा रॉड ठोकलेला नसतो, एक्स्टेन्शन बोर्डात तिसरी वायर नावालाच असते, आणि त्याच लाइनवर एलईडीच्या माळा आणि डिमर. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या बाजूला सराव करत असाल तर मोटारी आणि वेल्डिंगची चरचर वेगळीच. ॲम्प घरी शांत आणि मंडपात घरघरतो, असं असेल तर एक रुपयाही ॲम्पमध्ये घालू नका.

पिन मोडली की हम खरोखर जातो, कारण ॲम्प आणि मिक्सर यांच्यातला अर्थचा फेरा तुटतो. पण आत ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन गेलं तर चॅसी (धातूचा सांगाडा) जिवंत होते आणि तुमच्या हातात लोखंडी तारा असतात. फेरा तोडायचा तर सिग्नलच्या बाजूने: बेस मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच आहे. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घेतले तरी निम्मं काम होतं.

बेस हातात धरून जागेवरच गोल फिरा. फिरताना हम वाढतो-कमी होतो का? मग तो पिकअपचा. दोन पिकअपच्या जॅझ बेसवर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हा हम बराचसा कटतो. एकच उघडा ठेवला की परत येतो.

कपॅसिटर

घरघर १०० हर्ट्झची, व्हॉल्यूम खाली असतानाही कायम, आणि ॲम्प पंधरा-वीस वर्षांचा: एवढं जुळलं तर नवे व्हॉल्व्ह घेऊन बहुधा काही होणार नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरला तरी सुकतो आणि न वापरता ठेवला तरी बिघडतो. आपल्याकडे पावसाळाभर माळ्यावर पडलेला ॲम्प थेट भाद्रपदात काढतात आणि थेट २३० व्होल्टवर लावतात. महिनोन् महिने बंद असलेला ॲम्प डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू वर नेलेला बरा.

बदलायचे तर मुख्य फिल्टर कपॅसिटर एकदमच बदला, एकेक करू नका. आणि बायसच्या (आउटपुट व्हॉल्व्हचा करंट मर्यादेत ठेवणाऱ्या व्होल्टेजच्या) सप्लायमधला तो छोटा कपॅसिटर विसरू देऊ नका. तो सगळ्यात स्वस्त, पण तो गेला की आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेट लाल होतात आणि नवा महाग सेट एका रात्रीत खलास.

हे काम घरी करायचं नाही. साध्या ॲम्पमध्येही आत ४०० व्होल्ट असतात, अँपेग एसव्हीटीसारख्या ३०० वॅटच्या हेडमध्ये (स्पीकरशिवायच्या ॲम्पच्या डब्यात) ७०० व्होल्टच्या आसपास, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात.

व्हॉल्व्ह

आता अपवाद. आवाज घरघरीचा नसून टणत्काराचा, शिट्टीचा किंवा कडकडीचा असेल तर सुरुवात व्हॉल्व्हपासूनच करा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रीॲम्पच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा. थोडा टक आवाज सगळेच देतात. जो घंटेसारखा घुमतो तो मायक्रोफोनिक, म्हणजे स्वतःची थरथर आवाजात मिसळणारा, झालेला. हेड थेट स्पीकरच्या कॅबिनेटवर ठेवत असाल तर खाली फोम घाला, कारण बेसची थरथर व्हॉल्व्हला लवकर खाते.

प्रीॲम्पचा १२एएक्स७, म्हणजेच ईसीसी८३, एक जादा घेऊन ठेवणं परवडतं. ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन, पहिल्या जागेपासून एकेक बदलून बघा. आउटपुटचं गणित वेगळं. एसव्हीटीला ६५५० जातीचे व्हॉल्व्ह सहा लागतात, तेही जुळलेले, आणि बायस लावून घ्यावा लागतो. इथे एक मेख आहे: पुश-पुलमध्ये (आउटपुट व्हॉल्व्ह दोन बाजूंत वाटून आळीपाळीने काम करतात त्यात) दोन्ही बाजू सारख्या असल्या तर सप्लायचा हम आपसात कटतो. एक बाजू दमली की कपॅसिटर चांगले असूनही १००चा हम ऐकू येतो. म्हणून कपॅसिटरवर खर्च करण्याआधी मेकॅनिकला दोन्ही बाजूंचा करंट मोजायला सांगा.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला येणारी खरखर बहुधा व्हॉल्व्हची नसतेच. सॉकेट आणि पॉट (नॉबखालचे भाग) ओलीने काळवंडलेले असतात. काँटॅक्ट क्लीनर मारा, व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये दोन-चारदा आत-बाहेर करा. नुसती सूंऽऽ अशी हिस असेल तर कॅबिनेटच्या ट्वीटरचा नॉब उतरवून बघा. त्यावर पैसे घालावेत असं मला वाटत नाही, वाजवायला लागलं की ती ऐकूही येत नाही.

बाहेरून आणलेला ॲम्प

गोव्याहून किंवा आखातातून आलेला ११०-१२० व्होल्टचा ॲम्प असेल तर आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर तपासा. स्वस्तातल्या डब्यात अर्थ पुढे नेलेलाच नसतो. शिवाय ६० हर्ट्झसाठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो आणि गुणगुणतो; ती गुणगुण व्हॉल्व्ह बदलून जाणार नाही, कपॅसिटरनेही नाही.

कुणाकडे द्यायचा

फिल्टर कपॅसिटर, पॉट आणि सॉकेटचं काम बेळगावातला जुना, व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केलेला मेकॅनिक नीट करतो. त्याला ट्रान्झिस्टरवाल्यापेक्षा हाय व्होल्टेजची सवय असते. जुन्या दुकानाच्या ड्रॉवरमधून भारत इलेक्ट्रॉनिक्सचे रेडिओचे व्हॉल्व्हही अजून निघतात. ६५५० मात्र बाहेरूनच मागवावे लागतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर संशय असेल, किंवा कपॅसिटर बदलूनही हम तसाच असेल, तर पुणे किंवा बंगळूरला पाठवा. बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर आणि एसव्हीटीचं हेड ३६ किलोच्या आसपास, म्हणजे भाडं लागणार. पाठवताना व्हॉल्व्ह काढून, जागेचे नंबर घालून वेगळे बांधा. चिठ्ठीवर 'आवाज येतो' एवढंच लिहू नका. ५० की १००, व्हॉल्यूमने बदलतो की नाही, टिचकीने काय होतं, हे लिहा. मेकॅनिकचा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो, आणि पैसे त्या वेळाचेच असतात.

गणपतीपुरतंच वाजवायचं असेल तर दोन-तीन किलोचं क्लास डी (हलक्या, ट्रान्झिस्टरच्या पद्धतीचं) हेड भाड्याने घ्या, आणि दुरुस्ती दिवाळीनंतर निवांत करा.