पहिली मीटिंग: खुली की बंद?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना. तिच्या मीटिंगच्या यादीत वेळेपुढे ‘खुली’ किंवा ‘बंद’ असं लिहिलेलं असतं. १९३५ मध्ये सुरू झालेल्या या संघटनेकडे वळणारा नवा माणूस बहुतेक वेळा याच शब्दांपाशी अडखळतो.

खुल्या मीटिंगला कुणीही येऊ शकतं, बायको, भाऊ, मित्र. एकट्याने आत शिरायचा धीर होत नसेल तर कुणाला तरी सोबत घेऊन इथेच जा. मागे बसून नुसतं ऐकलं तरी चालतं.

बंद मीटिंग फक्त दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठी. आपल्याला व्यसन आहे की नाही याची खात्री नसली तरी ती इच्छा पुरते. फी नाही, चिठ्ठीचपाटी नाही. घरच्यांसमोर जे ओठांवर येत नाही, लपवलेली बाटली, लेकराला देऊन मोडलेला शब्द, ते इथे बोललं जातं, कारण ऐकणारेही त्याच वाटेने आलेले असतात. म्हणून माझा कौल बंद मीटिंगला, निदान दुसऱ्या खेपेपासून तरी.

एक मात्र कळकळीने सांगते: रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडण्याआधी डॉक्टरांना भेटावं. झटके येऊन जिवावर बेतू शकतं, आणि तिथे कुठलीच मीटिंग पुरी पडत नाही.