जेझुइट परंपरेतील व्यवस्थापन अभ्यासक्रम : वर्षभराचा वापर आणि हजेरीचे भांडण

प्रमाणपत्र अखेर हातात पडले आहे, त्यामुळे आता मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. कामगार संबंध आणि व्यवस्थापन या विषयांवरचा, शनिवार-रविवारी घरी बसून करायचा वर्षभराचा अभ्यासक्रम मी जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या, परंपरेतल्या एका संस्थेकडून पूर्ण केला. संस्थेचे नाव देत नाही, कारण माझे भांडण मुख्यतः संस्थेने नेमलेल्या मध्यस्थ कंपनीशी झाले. वर्ग चालवण्याची तांत्रिक व्यवस्था, शुल्कवसुली आणि तक्रारी हे सगळे त्या कंपनीकडे आहे. शुल्क, कालावधी आणि प्रवेशाच्या अटी माहितीपत्रकात असतातच, आणि ज्यांनी अशा अभ्यासक्रमांची चौकशी केली आहे त्यांना त्या पाठही झाल्या असतील, म्हणून त्या इथे पुन्हा देत नाही.

याच परंपरेतली संस्था का निवडली, हे मात्र सांगायला हवे, कारण पुढच्या भांडणाचा त्याच्याशी संबंध आहे. जेझुइट म्हटले की मराठी वाचकाला फादर स्टीफन्स आठवतात किंवा शहरातल्या एखाद्या नावाजलेल्या शाळेची प्रवेशाची रांग आठवते. व्यवस्थापनशास्त्र सहसा आठवत नाही. प्रत्यक्षात 1540 साली पोपची मान्यता मिळालेला हा संघ या विषयात शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठाची वाणिज्य शाखा 1910 साली सुरू झाली. आपल्याकडची सुरुवात 1949 सालची आणि तीही जमशेदपूरसारख्या कारखान्यांच्या गावातली. फादर क्विन एनराइट या अमेरिकन जेझुइटाने तिथे झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे आज सगळे ज्याला एक्सएलआरआय म्हणतात ती संस्था, काढली. तिच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत कामगार संघटनांच्या लोकांसाठीचे वर्ग होते. पूर्णवेळ दोन वर्षांची पदविका, बड्या कंपन्यांच्या मुलाखती, लाखांचे पगार हा सगळा मामला नंतरचा. ज्या गावातल्या पोलाद कारखान्याने 1912 सालीच आठ तासांची पाळी लागू केली होती, त्या गावात कामगार आणि मालक या दोघांनाही शिकवायला बसणारी संस्था निघावी, हे मला फार पटले होते. आमच्या कारखान्यात संघटना आहे, दर तीन वर्षांनी वेतनकरार होतो, आणि कराराच्या टेबलावर मी व्यवस्थापनाच्या बाजूला बसते. दोन्ही बाजूंचे ऐकणारी शिकवण मला हवी होती.

बाकीच्या संस्थांचा इतिहास थोडक्यात सांगते. रांचीची संस्था 1955 सालची. चेन्नईच्या लोयोला महाविद्यालयाच्या आवारातली लिबा 1979 सालची. भुवनेश्वरची एक्सआयएमबी 1987 साली ओडिशा सरकार आणि तिथला जेझुइट संघ यांच्यातल्या करारातून उभी राहिली. 2013 साली त्या संस्थेभोवती राज्याच्या कायद्याने विद्यापीठ उभे राहिले आणि 2021 पासून त्या विद्यापीठाचे नाव एक्सआयएम युनिव्हर्सिटी आहे. याचा विद्यार्थ्यांना होणारा फायदा माहितीपत्रकात ठळक लिहीत नाहीत, पण तो मोठा आहे. जमशेदपूरला पूर्णवेळ शिकलात तर हातात पदविका येते, भुवनेश्वरला विद्यापीठाची एमबीए पदवी येते. खासगी नोकरीत कोणी हा फरक विचारत नाही. ज्यांना पुढे पीएचडीला किंवा सरकारी पदांच्या अर्जाला जायचे आहे, त्यांनी मात्र तो आधीच तपासावा. भुवनेश्वरचा ग्रामीण व्यवस्थापनाचा अभ्यासक्रमही पाहण्यासारखा आहे. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात फादर बाखर या स्विस जेझुइटाने पाणलोट विकासाचे जे काम उभे केले, ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जेझुइटांचा आणि शेतीचा काय संबंध असा प्रश्न पडणार नाही. या पूर्णवेळ अभ्यासक्रमांसाठी जानेवारीत झॅट परीक्षा असते. माझ्यासारख्या नोकरदारांच्या वर्गांना ती लागत नाही, अनुभवाचे दाखले आणि एक छोटी मुलाखत पुरते.

आता हजेरी.

अभ्यासक्रमाची अट अशी होती की प्रत्येक विषयात पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही, तर गुण कितीही असोत, प्रमाणपत्र मिळणार नाही. अट रास्त आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार मोजणीबद्दल आहे. मध्यस्थ कंपनीची यंत्रणा तुम्ही वर्गात किती मिनिटे होतात ते मोजते, पण ते शेवटच्या प्रवेशापासून. म्हणजे अडीच तासांच्या वर्गात दोन तास बसून ऐकले, मग वीज गेली, राउटर इन्व्हर्टरवर येताना बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि तुम्ही परत आत आलात, तर आधीचे दोन तास पुसले जातात आणि खात्यात शेवटचा अर्धा तास उरतो. अर्धा तास म्हणजे गैरहजर. पावसाळ्यात आमच्याकडे सिडकोत वीज कशी जाते-येते ते नाशिककरांना सांगायला नको. जुलै ते सप्टेंबरच्या वर्गांचे माझे खाते पाहिले तर मी त्या काळात गावाला गेले होते असे कोणालाही वाटेल.

मी रोज दुसऱ्यांची हजेरी पाहते, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या गेटवर बोटाचा ठसा घेणारे यंत्र आहे आणि तेही चुकते. तेलकट हात असला की ठसा उमटत नाही, आणि पाळी बदलताना गर्दीत एखाद्याचा पंच राहून जातो. त्याला आम्ही मिस-पंच म्हणतो. अशा वेळी फोरमन एका छापील चिठ्ठीवर नाव, टोकन क्रमांक आणि वेळ लिहून सही करतो, ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर येते, मी उत्पादनाच्या नोंदीशी ताडून पाहते आणि हजेरी लावते. यंत्र बसवले त्याच दिवशी हा कागदही छापून घेतला होता, कारण यंत्र चुकणार हे गृहीतच होते. ज्या कंपनीचा सगळा धंदाच तंत्रज्ञानाचा आहे, तिच्याकडे एवढी साधी सोय नसावी?

तक्रारी केल्या. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, पहिल्यांदा आभार येतात, मग आपल्या इंटरनेटचा वेग तपासावा असा सल्ला येतो, आणि दोन दिवसांनी आपले समाधान झाले आहे असे धरून तक्रार बंद केल्याचा निरोप येतो. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, नवी करावी लागते, आणि नवी केली की आभारांपासून सुरुवात. दूरध्वनीवर बोलणारी मुले सभ्य होती, परंतु त्यांच्या समोरच्या पडद्यावरही तोच अर्धा तास दिसत होता आणि त्यापलीकडे काही पाहण्याचा त्यांना अधिकार नव्हता. दिवाळीच्या सुमारास मला कळवण्यात आले की एका विषयातली माझी हजेरी भरत नसून तो विषय पुढच्या तुकडीबरोबर, वेगळे शुल्क भरून, पुन्हा करावा लागेल. त्या आठवड्यात मी हा अनुभव लिहायला घेतला असता तर तो यापेक्षा बराच लहान आणि बराच कडू झाला असता.

पैशाचेही सांगते. कायद्याने मान्य पदवी नसलेल्या अशा अभ्यासक्रमांच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. जाहिरातीतला आकडा कराशिवायचा असतो आणि त्याशेजारची तारांकित टीप बारीक अक्षरात असते. आमच्या कंपनीने अर्धे शुल्क देण्याचे कबूल केले होते. पण बिल माझ्या नावावर निघाल्याने कंपनीला त्या कराचा परतावा घेता येईना, आणि बिल बदलून मागितले तर एकदा निघालेले बिल बदलता येत नाही असे उत्तर आले. कराची रक्कम शेवटी माझ्याच खिशातून गेली. तेवढ्या पैशात माझ्या धाकट्याची वर्षाची शिकवणी झाली असती, हा हिशेब मी घरात कोणाला सांगितलेला नाही.

इथून पुढे मत बदलत गेले, आणि त्याचे कारण कामगार संबंध शिकवणारे फादर. वय सत्तरीपुढचे, आवाज बारीक, स्लाइड लावताना हमखास चुकीची लावणार. त्यांनी आम्हाला पहिल्या महिन्यात एक काम दिले होते. आपल्या कारखान्यातले एखादे खरे आरोपपत्र, नावे काढून टाकून, वर्गात मांडायचे. मी माझ्या हातचे एक मांडले. रात्रपाळीत यंत्राशेजारी झोपलेला कामगार, दोन साक्षीदार, पहाटे चार वाजून दहा मिनिटांची वेळ, स्थायी आदेशाचे कलम, सगळे चोख. फादरांनी ते शांतपणे वाचले आणि एवढेच विचारले, “हा माणूस कामावर कधी आला होता, बाई?” आरोपपत्रात ते नव्हते. सोमवारी मस्टर काढून पाहिले, तेव्हा दुसरी पाळी संपवून बदली कामगार न आल्यामुळे त्याला तिथेच तिसऱ्या पाळीला थांबवले होते असे निघाले. थांबवणाऱ्या सुपरवायझरचे नाव साक्षीदारांत पहिले होते.

त्यानंतर दर वर्गाच्या शेवटी एक पान लिहायचे असे. आज काय ऐकले हे त्यात नको असे, आपल्या कामातल्या कोणत्या गोष्टीला ते जाऊन भिडले आणि उद्या काय वेगळे करणार, हे हवे असे. अनुभव, त्यावर चिंतन आणि मग कृती हा जेझुइट अध्यापनाचा जुना क्रम आहे. तो धार्मिक साधनेतून आलेला असला तरी वर्गात त्याला कोणी धर्माचा रंग दिला नाही. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला शंका होती. एकदा वर्ग चालू असताना त्या मागे खुर्ची टाकून बसल्या आणि बोनस कायद्याची चर्चा अर्धा तास ऐकून, स्वयंपाक राहिला आहे म्हणून उठून गेल्या.

तर हजेरी भरत नसल्याचे पत्र आल्यावर मी फादरांना कळवले, तेही तक्रार म्हणून नव्हे, पुढच्या वर्गांना येता येणार नाही एवढ्यासाठी. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले आणि सोबत एका वहीच्या पानांची छायाचित्रे होती. प्रत्येक वर्गाची तारीख, कोणी कोणता प्रश्न विचारला आणि कोणाचे पान आले याची त्यांच्या हातची नोंद त्या वहीत होती. ज्या वर्गांना यंत्रणा मला गैरहजर म्हणत होती, त्यांतल्या बहुतेकांत माझे नाव होते आणि एका ठिकाणी समासात “नाशिक, वीज गेली, परत आल्या” असे इंग्रजीत लिहिलेले होते. फोरमनची चिठ्ठी ती हीच. त्यांनी ती पाने संस्थेच्या कार्यालयाला पाठवली, कार्यालयाने मध्यस्थ कंपनीला कळवले, आणि आठवड्याभरात माझी हजेरी कोणतेही स्पष्टीकरण न येता पूर्ण झाली. मोजणीची पद्धत मात्र बदललेली नाही. माझ्याच तुकडीतला पिंपळगावचा एक जण, ज्याच्या विषयाचे शिक्षक वही ठेवत नव्हते, अजून प्रमाणपत्राची वाट पाहतो आहे. ज्या परंपरेच्या आपल्याकडच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत कामगार संघटनांची माणसे होती, तिच्या नावाने चालणाऱ्या वर्गात हजेरीची दाद मागायला ओळखीचा शिक्षक लागावा, हे मला अजूनही खटकते आणि संस्थेला मी तसे लेखी कळवले आहे.

शिकवण्यातलाही एक दोष सांगायला हवा. अभ्यासक्रमात केंद्राचे कायदे, म्हणजे 1947 चा औद्योगिक विवाद कायदा आणि आता त्याची जागा घेणारी 2020 ची संहिता, तपशिलात होते. महाराष्ट्राचा 1971 चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा मात्र एका स्लाइडवर आटोपला. आमच्याकडे कोणती संघटना मान्यताप्राप्त हे ज्या कायद्याने ठरत आले, पन्नास किंवा अधिक कामगारांच्या उद्योगात सहा महिने सलग तीस टक्के सदस्यसंख्येची अट ज्यात आहे, आणि ज्याच्या नावाने आमच्यासारख्यांना औद्योगिक न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तो कायदा नाशिक, पुणे, ठाण्याच्या विद्यार्थ्यांना एवढ्यावर भागवून चालत नाही. वर्गात महाराष्ट्रातले बरेच जण होते. वित्त आणि विपणन हे विषय ठीक होते, ध्वनिमुद्रित व्याख्याने दीडपट वेगाने ऐकली तरी काही निसटत नाही. नीतीशास्त्राचा विषय मात्र ज्यांनी केवळ गुणांसाठी घेतला, त्यांनीही शेवटी मनापासून केला. कंत्राटी कामगार आणि कायम कामगार यांना एकाच उपाहारगृहात वेगळी ताटे असावीत का, यावर रविवारचा एक वर्ग ठरल्या वेळेच्या पुढे तासभर चालला आणि कोणी बाहेर पडले नाही. तो जादा तास हजेरीत धरला गेला नाही, हे सांगायला नकोच.

कोणी घ्यावा असे विचाराल, तर ज्याला पगारवाढीसाठी नुसता कागद हवा आहे त्याने यापेक्षा स्वस्त कागद शोधावा. ज्याच्या टेबलावर रोज माणसांची भांडणे येतात त्याने जरूर घ्यावा, मात्र पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. हजेरी एकूण मिनिटांवर मोजतात की शेवटच्या प्रवेशापासून, तांत्रिक अडचणीत दाद मागायची ती संस्थेकडे की मध्यस्थाकडे, आणि प्रत्यक्ष शिकवणार कोण. तिसऱ्याचे उत्तर “तज्ज्ञ प्राध्यापकवृंद” असे आले तर नावे मागावीत.

आमच्या कारखान्यातून यंदा दोघे जात आहेत, त्यांतला एक संघटनेचा खजिनदार आहे आणि त्याचे शुल्क व्यवस्थापनाने भरावे असे मी लावून धरले व ते मान्य झाले. दोघांच्याही बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक पैसे भरण्याआधीच घालून घेतला आहे.