कीपासएक्ससी: पासवर्डची स्वतःच्या ताब्यातली तिजोरी

प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा असावा हे सर्वांना पटते. पण इतके पासवर्ड लक्षात राहत नसल्याने बहुतेक घरांत डायरीचे शेवटचे पान किंवा मुलांच्या नावापुढे जोडलेले जन्मसाल यांवरच काम भागवले जाते. कीपासएक्ससी हा विनामूल्य, मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणीही पाहू शकतो असा) प्रोग्राम याला उत्तम पर्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सवर चालणारा हा प्रोग्राम सारे पासवर्ड एका कूटबद्ध (पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या) फाइलमध्ये ठेवतो, ती फाइल आपल्याच संगणकावर राहते आणि ती उघडण्यासाठी एकच मुख्य पासवर्ड ध्यानात ठेवावा लागतो. तो विसरल्यास फाइल उघडून देणारे कोणी नाही, त्यामुळे तेवढा एक पासवर्ड कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांबरोबर कपाटात ठेवणे मला योग्यच वाटते.

सर्वांत मोलाची सोय म्हणजे शब्द जोडून पासवर्ड बनवण्याची. ७,७७६ इंग्रजी शब्दांच्या यादीतून प्रोग्राम कोणताही क्रम न ठेवता शब्द निवडतो, आणि असे सहा-सात शब्द पाठ करणे चिन्हे व अंकांच्या गुंत्यापेक्षा कितीतरी सोपे जाते. मराठी शब्द हवे असल्यास स्वतःची यादी जोडता येते.

उणीव मोबाइलची आहे. या प्रोग्रामचे स्वतःचे मोबाइल ॲप नाही. अँड्रॉइडवर कीपासडीएक्स या वेगळ्या ॲपमध्ये तीच फाइल उघडते, परंतु दोन्हीकडच्या प्रती जुळत्या ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.