एका नावासाठी उत्तम, अख्ख्या हेलिकॉप्टरसाठी अवघड: वॉशिंग्टनचं व्हिएतनाम स्मारक

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे 12,000 हेलिकॉप्टरं उतरवली आणि त्यातली 5,000 हून जास्त गमावली. त्यांत गेलेल्या एखाद्याचं नाव शोधायला वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या भिंतीइतकी चांगली सोय दुसरी नाही. चोवीस तास उघडी, तिकीट नाही. एका नावासाठी पाचपैकी पाच. पण एकाच हेलिकॉप्टरमधले पायलट, क्रू चीफ, दारातला गनर आणि मागे बसलेले प्रवासी असे सगळे शोधायचे असतील, तर तीनच.

कारण मांडणीत आहे. 58,000 वर नावं घटनेच्या तारखेनुसार लागतात आणि एका तारखेत आडनावांच्या वर्णक्रमाने. हुद्दा, तुकडी, हेलिकॉप्टरचा क्रमांक, काहीही कोरलेलं नाही. 18 फेब्रुवारी 1966 ला सायगॉनजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात लष्कराच्या दोन नर्स गेल्या. आडनावं ‘डी’ आणि ‘जे’ची, म्हणून त्या 5ई (पूर्व बाजूच्या पाचव्या) पॅनेलवर 46 आणि 47 अशा लागोपाठच्या ओळींत सापडतात. लढाईच्या दिवशी पडलेल्या हेलिकॉप्टरची माणसं मात्र इतर मृतांमध्ये विखुरतात. 25 मे 1968 ही तारीख तर सगळ्यांत त्रासाची. यादी मधल्या कोपऱ्यापासून पूर्वेकडे जाते आणि पश्चिमेच्या टोकापासून परत मध्याकडे येते, म्हणून ही तारीख पूर्वेच्या टोकाला 70ई वर सुरू होते आणि उरलेली नावं पश्चिमेच्या टोकाला 70डब्ल्यू वर जातात, म्हणजे मधे जवळपास दीडशे मीटर.

म्हणून तिथे जाऊन शोधत बसू नका. आधी अपघाताची तारीख आणि सगळ्यांची पूर्ण नावं जमवा, मग प्रत्येकाचा पॅनेल आणि ओळ क्रमांक ऑनलाइन शोधून कागदावर उतरवा. दोन्ही टोकांना छापील सूची असते, पण तीही आडनावाने लावलेली, त्यामुळे फक्त तारीख हातात असेल तर तिचा उपयोग नाही. भिंतीकडे तोंड केलं की मधल्या कोपऱ्यापासून उजवीकडे ई, डावीकडे डब्ल्यू. ओळी वरून मोजायच्या. कडेला दर दहा ओळींना ठिपका असतो, तो धरून मोजलं तर चूक होत नाही. मधल्या उंच पॅनेलांवर 137 ओळी आहेत, नुसत्या नजरेने मोजाल तर हमखास चुकाल.

जखमी होऊन महिन्याभराने हॉस्पिटलमध्ये गेलेला माणूस अपघाताच्याच तारखेला असतो, ही चांगली गोष्ट. मागाहून वाढवलेलं नाव मात्र जागा मिळेल तिथे कोरतात. तारखेपाशी दिसलं नाही म्हणून ‘नाहीच’ असं ठरवू नका.

नावावर कागद धरून पेन्सिलने त्याचा ठसा घ्यायचा तर कागद आणि पेन्सिल स्वयंसेवकांकडे मिळते, उंचावरच्या नावासाठी शिडीही तेच आणतात. अक्षरं जेमतेम 1.3 सेंटिमीटर उंच आणि खोली अर्ध्या मिलिमीटरहून कमी. दाबून घासलं की कागद खाचेत बसतो आणि अक्षर भरून जातं. शिसं आडवं धरून हलका हात फिरवा. कागद दुसऱ्या कोणाला धरायला सांगा, तो सरकला की अक्षरं दुहेरी उमटतात. पॅनेल आणि ओळ लगेच मागे लिहा. पाच-सहा ठसे झाले की कुठला कुठला ते कळत नाही. फोटो तिरका घ्या. बंगळुरूकडचा हा काळा दगड इतका घोटलेला आहे की समोरून नावापेक्षा तुम्हीच जास्त दिसता.

नावाशेजारचं चिन्ह पाहा. चौकट (पत्त्यांतल्यासारखी) म्हणजे मृत्यू निश्चित, क्रॉस म्हणजे बेपत्ता. अवशेषांची ओळख पटली की क्रॉसवरच चौकट कोरतात. पश्चिमेच्या 1डब्ल्यू पॅनेलच्या तळाशी मे 1975 च्या मायाग्वेझ प्रकरणाच्या (कंबोडियाने पकडलेलं अमेरिकी मालवाहू जहाज सोडवण्याच्या मोहिमेच्या) नोंदी आहेत, भिंतीवरच्या शेवटच्या. त्यांत 13 मे रोजी थायलंडमध्ये कोसळलेल्या ‘नाइफ 13’ या सीएच-53 हेलिकॉप्टरमधले 23 जण आहेत: पाच क्रू आणि हवाई दलाचे 18 सुरक्षा सैनिक. ते लढाईपर्यंत पोहोचलेच नव्हते, तरी मोजले गेले. हे योग्यच.

उणीव प्रवाशांच्या बाबतीत आहे. भिंत फक्त अमेरिकी सैन्यातल्यांची. 10 फेब्रुवारी 1971 ला लाओसवर पाडलेल्या दक्षिण व्हिएतनामी ह्युई हेलिकॉप्टरमध्ये लॅरी बरोज यांच्यासह चार छायाचित्रकार आणि सात दक्षिण व्हिएतनामी गेले. त्या अकरांपैकी एकाचंही नाव इथे नाही. प्रवाशांत पत्रकार किंवा स्थानिक सैनिक असतील तर यादी इथे पूर्ण होणारच नाही, हे धरून चाला.

आर्लिंग्टन दफनभूमीत 2018 पासून हेलिकॉप्टर पायलट आणि क्रू यांचं वेगळं स्मारक आहे, विभाग 35 मध्ये. त्यावर एकही नाव नाही. फुलं ठेवायला जरूर जा, पण ठसे आधी भिंतीवर घेऊन ठेवा. चिठ्ठी किंवा फोटो ठेवायचा असेल तर तोही भिंतीपाशीच ठेवा. टिकाऊ वस्तू स्मारक सांभाळणारी पार्क सेवा उचलून जपून ठेवते, फुलं नाही.