लेकीच्या फुटबॉलसाठी इंग्लंडची अकादमी की अमेरिकेचं कॉलेज?

इंग्लंडमध्ये वाढलेली, क्लबच्या अकादमीत खेळणारी मुलगी सतराची झाली की घरात एकच विषय सुरू होतो. इथेच राहून वुमेन्स सुपर लीगमधल्या (इंग्लंडच्या सर्वात वरच्या महिला लीगमधल्या) क्लबच्या पहिल्या संघात जागा मिळायची वाट बघायची, की चार वर्षं अमेरिकेत कॉलेजकडून खेळून, पदवी घेऊन मग परत यायचं? आमच्या घरी हा निर्णय होऊन गेला आहे. लेक अमेरिकेत तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणून अमेरिकाच सगळ्यांना बरी, असं मात्र मी म्हणणार नाही. काही मुलींचं तिथे जाऊन नुकसानच होईल, आणि त्या कोणत्या हेही पुढे लिहिलं आहे.

दोन्ही वाटा वरपर्यंत जातात, हे आधी मान्य करू. २४ मे २०२५ रोजी लिस्बनमध्ये आर्सेनलने बार्सिलोनाला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा इंग्लंडच्या लिआ विल्यमसन आणि अलेसिया रुसो दोघी मैदानावर होत्या. विल्यमसन नऊ वर्षांची असताना आर्सेनलमध्ये आली आणि तिथेच वाढली. रुसो २०१७ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेली आणि २०२० साली मँचेस्टर युनायटेडसाठी परत आली, आर्सेनल त्यानंतरचं. त्याच विद्यापीठातून लॉटी वुबेन-मॉयही त्याच वर्षी आर्सेनलला परतली. रेचल डेली न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये शिकली, अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाकडून खेळली आणि ॲस्टन व्हिलाला आल्यावर २०२२-२३ च्या मोसमात २२ गोल करून सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी ठरली. पण या सगळ्या शिखरावरच्या खेळाडू. त्यांना कुठल्याही वाटेने अडवणं अवघडच होतं. खरा प्रश्न चांगलं खेळणाऱ्या, पण पुढे काय होईल हे अजून कुणालाच सांगता येत नाही अशा मुलींचा आहे, आणि अकादमीत बहुतेक जणी तशाच असतात.

खेळाच्या शिक्षणात इंग्लंड पुढे आहे. यावर मी वाद घालत नाही. अकादमीत चेंडू पायात ठेवून, डोकं वर करून खेळायला शिकवतात. मोसम सप्टेंबर ते मे असा लांब चालतो आणि चुका सुधारायला वेळ मिळतो. सुपर लीग २०१८-१९ पासून पूर्ण व्यावसायिक आहे, २०२५-२६ पासून वरच्या दोन्ही लीगमध्ये किमान पगाराची अट आली आहे आणि २०२६-२७ पासून सुपर लीगमध्ये १४ क्लब असतील असं ठरलं आहे. म्हणजे जागा वाढत आहेत. मिशेल अजेमांगचं उदाहरण तर कुणीही देईल. लहानपणापासून आर्सेनलमध्ये, मग ब्रायटनकडे एक मोसम लोनवर (करार मूळ क्लबकडे ठेवून तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे), आणि एकोणिसाव्या वर्षी युरो २०२५ मध्ये स्वीडन आणि इटलीविरुद्ध इंग्लंडचा संघ हरायच्या बेतात असताना केलेले ते दोन गोल. अमेरिकेत असती तर त्या वेळी ती कॉलेजच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला असती.

कॉलेज फुटबॉलचा मोसम मात्र तोकडा आहे. ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रीय विजेता ठरतो. बऱ्याचदा आठवड्याला दोन सामने, साधारण गुरुवारी आणि रविवारी, त्यात विमानाचा किंवा बसचा लांब प्रवास. बदली खेळाडूंचे नियमही आपल्या सवयीचे नाहीत : बाहेर गेलेली मुलगी दुसऱ्या अर्धात एकदा परत येऊ शकते. त्यामुळे दमलेल्या पायांनी डोक्याने खेळायची वेळ कमी येते आणि ताज्या दमाच्या मुली सतत धावत, भिडत राहतात. लेकीचा पहिला मोसम मी जमेल तेवढा ऑनलाइन पाहिला. ती दणकट झाली, वेग वाढला, पण चेंडूवरची नजाकत थोडी कमी झाली असं मला वाटलं. माझं हे मत काही मोजमाप नव्हे. जानेवारीनंतर मैत्रीपूर्ण सामने सोडले तर हाती फार काही नसतं.

इतकं असूनही आम्ही अमेरिका निवडली. त्याचं कारण मैदानावर नव्हतं, तारखांमध्ये होतं.

लेक अकादमीत असताना तिच्याहून वर्षाने मोठ्या मुलींचं काय होतं ते आम्ही जवळून पाहिलं. क्लबचे करार ३० जूनला संपतात. कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं हे मोसम संपता संपता, म्हणजे मे-जूनमध्ये कळतं. ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीचे, पेपर मेच्या मध्यापासून जूनपर्यंत. विद्यापीठाची पक्की पसंती यूसीएएसला (प्रवेश हाताळणाऱ्या मध्यवर्ती संस्थेला) कळवायची मुदतही बहुतेकांना त्याच सुमारास. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातल्या तीन मोठ्या गोष्टी एकाच चार-पाच आठवड्यांत कोंबलेल्या, आणि त्यातली एक पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात. त्या वर्षी एका मुलीला दोन पेपरांच्या मधल्या दिवशी क्लबचा नकार ईमेलने आला. दहा वर्षांचा संबंध आणि एक परिच्छेद. पोरगी दुसऱ्या दिवशी पेपरला बसली, पण तिच्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पुढच्या वर्षी आमची पाळी. एका अमेरिकन प्रशिक्षकाचं पत्र नोव्हेंबरमध्येच हातात होतं : कोणती वर्षं, किती टक्के स्कॉलरशिप, राहण्याचा किती भाग, सगळं आकड्यांत. उत्तर नाताळच्या सुट्टीपर्यंत हवं होतं. आम्ही इथल्या क्लबला विचारलं, तुमचा विचार काय? लेखी नको, तोंडी अंदाज तरी द्या. उत्तर आलं की ती आमच्या योजनेत आहे, पण नक्की मोसमाच्या शेवटी सांगू. मग पुन्हा विचारलं, तर पुढच्या वर्षीचं बजेट ठरल्यावर. बोलणारी माणसं चांगली होती, खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्यांच्या हातात खरंच काही नव्हतं, हे मला आजही पटतं. पण एका बाजूला नोव्हेंबर आणि दुसऱ्या बाजूला मे, आणि मधले सहा महिने पोरीने अधांतरी काढायचे, हे काही आमच्या घशाखाली उतरेना. लेक एका रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, मला नाही म्हटलं तरी चालेल, पण पेपर सुरू व्हायच्या आधी म्हणू देत." त्याच आठवड्यात तिने अमेरिकेला होकार कळवला.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर चार वर्षांचा निर्णय? पण ही अनिश्चितता अठराव्या वर्षी संपत नाही. सुपर लीगच्या वरच्या क्लबांमध्ये पैसा आला आहे, २०२५ च्या जुलैत आर्सेनलने ऑलिव्हिया स्मिथसाठी लिव्हरपूलला दहा लाख पौंड मोजले, ते सगळं खरं. त्याच काळात दुसऱ्या लीगमध्ये काय झालं तेही बघा. रेडिंगचा महिला संघ २०२३ पर्यंत सुपर लीगमध्ये होता. २०२४ च्या उन्हाळ्यात क्लबच्या पैशाच्या अडचणीमुळे त्याने दुसऱ्या लीगमधून माघार घेतली आणि थेट पाचव्या पातळीवर गेला. पुढच्याच वर्षी ब्लॅकबर्नने दुसऱ्या लीगमधून नाव काढून घेतलं. त्या संघांतल्या मुलींनी वाईट खेळ केला म्हणून हे झालं नाही. पुरुषांच्या संघाचा हिशेब बिघडला किंवा मालकाची इच्छा संपली की महिला संघाच्या खर्चाला आधी कात्री लागते, असा आजवरचा अनुभव आहे. अकादमीतून वर सरकणारी मुलगी पहिल्यांदा खेळते ती बहुधा अशाच मधल्या क्लबांमध्ये, लोनवर किंवा दुहेरी नोंदणीवर, म्हणजे एकाच वेळी दोन क्लबांकडे नाव नोंदवून.

पैशाचं गणित लोक समजतात त्याहून गुंतागुंतीचं आहे. पूर्ण स्कॉलरशिप हा शब्द एजंट फार सैल वापरतात. पूर्वी डिव्हिजन वनच्या (अमेरिकन कॉलेज खेळाच्या सर्वात वरच्या पातळीच्या) महिला संघाला १४ स्कॉलरशिप मिळत आणि त्या पंचवीस-तीस मुलींत तुकड्यांनी वाटल्या जात. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात २०२५ साली झालेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या कॉलेजांसाठी ही मर्यादा गेली आणि संघात २८ च मुली ठेवायच्या असा नियम आला. वरच्या कॉलेजांत जास्त मुलींना मदत मिळू शकते, पण मदतीशिवाय संघात शिरण्याच्या जागा कमी झाल्या. आम्हाला दर वर्षी खिशातून भर घालावी लागते. शिवाय अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मुलगी जाहिरातीतून सहजासहजी कमाई करू शकत नाही, तिच्या अमेरिकन मैत्रिणी करतात. इंग्लंडमध्ये फी ९,५३५ पौंड (२०२५-२६ चा दर), पण सरकारी कर्ज मिळतं आणि ते पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावर फेडायचं असतं. फक्त आजच्या रोकडीचा विचार केला तर इथे राहणं स्वस्त.

दुखापतीचा विचार मात्र कुणी आधी करत नाही. गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध, तुटणं ही महिला फुटबॉलची मोठी काळजी आहे. २०२२-२३ च्या एकाच मोसमात आर्सेनलच्या बेथ मीड, मिडेमा, विल्यमसन आणि वीनरॉइथर या चौघींचा तो तुटला, आणि अजेमांगचाही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. नामवंत खेळाडूसाठी क्लब थांबतो. एका वर्षाच्या करारावरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी थांबेलच असं नाही. डिव्हिजन वनमध्ये २०२४ च्या ऑगस्टपासून खेळाच्या किंवा दुखापतीच्या कारणावरून स्कॉलरशिप काढता येत नाही. लेकीच्या संघातली एक मुलगी जवळजवळ पूर्ण वर्ष मैदानाबाहेर होती. तिचे वर्ग चालू राहिले आणि पदवीची तारीख ढळली नाही. मला तरी हे फार मोठं वाटतं.

घराची ओढ आहेच. इथे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात असताना संध्याकाळच्या सरावाला मी गाडी चालवायचो आणि ती मागच्या सीटवर पोळीभाजीचा रोल खात गृहपाठ उरकायची. ते संपलं. गणपतीत ती नसते, कारण नेमका तेव्हा मोसम ऐन भरात असतो. पहिल्या वर्षी तिच्या आईला ते जड गेलं.

एक मधली वाटही आहे : इथेच विद्यापीठात शिकायचं आणि शेजारच्या क्लबकडून खेळायचं. लफबरो विद्यापीठाची खेळाची व्यवस्था उत्तम आहे. डरहमचा महिला संघ विद्यापीठाशी जोडलेला आहे आणि दुसऱ्या लीगमध्ये टिकून आहे. लेकीला तिथे जागा मिळाली असती तर आम्ही कदाचित दुसरा विचार केला असता. पण अशा जागा मोजक्या आहेत.

पुण्या-मुंबईहून किंवा गोव्याहून थेट इंग्लंडचा विचार करणाऱ्या पालकांनी एक गोष्ट आधी तपासावी. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला बंदी आहे, आणि खेळाडूच्या व्हिसासाठी आंतरराष्ट्रीय सामन्यांसारख्या निकषांवर गुण लागतात. भारताची गोलकीपर अदिती चौहान २०१५ साली लफबरोमध्ये शिकत असताना वेस्ट हॅमच्या महिला संघात आली, पण तेव्हा तो संघ व्यावसायिक नव्हता. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मुलीला हा अडसर नाही. ती बावीसाव्या वर्षी परत आली तरी क्लबला तिच्यासाठी कामाची परवानगी काढावी लागत नाही. आमच्या निर्णयात या गोष्टीचं वजन बरंच होतं. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगनेही २०२४ साली ड्राफ्ट (क्लबांनी आळीपाळीने नव्या खेळाडू निवडण्याची पद्धत) बंद केला, त्यामुळे पदवीनंतर कुठे सही करायची हे मुलगी स्वतः ठरवते.

मग इथे कुणी थांबावं? जिला इंग्लंडच्या १७ किंवा १९ वर्षांखालील शिबिरांना नेमाने बोलावणं येतं, जी आत्ताच पहिल्या संघाबरोबर सराव करते, आणि जिला क्लब दोन वर्षांचा तरी कागद देतो, तिने अमेरिकेला जाऊ नये. तिथली चार वर्षं तिला मागे नेतील. या तीनपैकी एकच गोष्ट असेल तर मी नोव्हेंबरच्या पत्राकडे झुकेन.

आणि मुलगी आत्ता इंग्लंडमध्ये इयर टेन किंवा इयर इलेव्हनमध्ये असेल तर दोन कामं लगेच करा. अमेरिकन पात्रतेसाठी जीसीएसईचे (इयर इलेव्हनच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे) विषय आणि मार्कही धरले जातात, तेव्हा गणित, इंग्रजी आणि विज्ञान सांभाळा. आणि इयर इलेव्हन संपल्यानंतर डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांना तिच्याशी थेट बोलता येतं, त्याच्या आत तिच्या सामन्यांचे व्हिडिओ कापून तयार ठेवा. गोलच नकोत, चेंडू पायात नसताना ती कुठे उभी असते तेही त्यात दिसू द्या. आम्हाला पत्र पाठवणाऱ्या प्रशिक्षकाने पहिल्याच फोनवर नेमकं त्याबद्दल विचारलं होतं.