लीपचा सेट: मशीन उत्तम, स्पेक्युलमवर मात्र बारीक लक्ष ठेवा

माझं सोलापुरात छोटं नर्सिंग होम आहे. पिशवीच्या तोंडाच्या बायोप्सीत सीआयएन 2 किंवा 3 (कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड) निघालं की चिठ्ठी देऊन बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला पाठवायचे. अंतर 70 किलोमीटरच, पण विडी वळणाऱ्या बाईचा एक दिवसाचा खाडा म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. "दिवाळी झाली की जाते" म्हणायची आणि जायचीच नाही. म्हणून गेल्या वर्षी लीपचा सेट घेतला, म्हणजे विजेच्या तारेच्या फाशाने (लूपने) तोंडाचा बिघडलेला भाग कापून काढायचं मशीन आणि त्याची अवजारं.

मशीनला नावं ठेवायला जागा नाही. 15 मिलिमीटरच्या लूपला ब्लेंड कटवर (कापतानाच रक्तही थांबवणारा करंट) 40 वॅटच्या आसपास ठेवते, लोण्यातून सुरी जावी तसं कापतं. पेडल मात्र तार लावायच्या आधी दाबायचं, नाहीतर ती आत रुतते. मे महिन्यात एकीच्या मांडीवरची पेशंट प्लेट (करंट परत मशीनकडे नेणारी) घामाने सुटली, तेव्हा मशीन बोंबलून आपणच बंद पडलं. तेवढ्यासाठीच प्लेटचा अलार्म असलेलं घ्या.

फसले ती स्पेक्युलममध्ये, म्हणजे योनी उघडी धरायच्या चिमट्यात. बिलावर 'इन्सुलेटेड' (वीज न वाहणारा थर दिलेलं), पण वाफेवर तिसऱ्यांदा निर्जंतुक केल्यावर कडेचा थर निघून आत स्टील चमकायला लागलं. तिथे तार टेकली तर बाईच्या योनीच्या भिंतीला चटका बसणार. वर धूर ओढायची नळीच नाही! पहिल्या केसला लेबर रूमचं सक्शन लावलं. धुरात पिशवीचं तोंड दिसेना आणि जळकट वासाने सिस्टर बाहेर पळाली. अशा धुरात एचपीव्हीचा (हा बिघाड घडवणाऱ्या विषाणूचा) डीएनए सापडलेला आहे, म्हणून फिल्टरवालं वेगळं यंत्र घ्यावंच लागलं. डीलरचं एकच पालुपद, "मॅडम, सगळे हेच वापरतात."

लूप दहा वेळा चालतात म्हणे. चालत नाहीत. तार जराशी वाकली की काप उथळ होतो आणि रिपोर्टमध्ये कड पॉझिटिव्ह येते, म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या कडेलाही बिघाड दिसतो. मी एका केसला एकच वापरते.

रक्त थांबवायची मॉन्सेल पेस्ट बाटलीत वाळते. लोणच्याच्या खारासारखी घट्ट हवी, म्हणून आदल्या दिवशीच झाकण उघडून बघते. आणि भूल द्यायला 27 नंबरची लांब सुई लागते, ती सेटमध्ये नव्हतीच. शेजारच्या डेंटिस्टकडून त्यांची सिरिंज मागून आणली, अजून तीच वापरतेय.

मशीनला पाचपैकी पाच, सेटला तीन. बदली स्पेक्युलम डीलर सोमवारी पाठवतोय, असे चार सोमवार झाले.